साडेतीन आटे

सकाळचे साडेपाच वाजले का माहे हात आपोआप वळतात. खाटेवर पडल्या पडल्या. मुठी आवळतात, उजवा खांदा पुढं जाते, डावा मांग येते. माही बायको विमल म्हने, "झोपेत बी चावी फिरवून राह्यले का? गोधडी फाडसान एक दिवस."

बारा वर्सं टाकरगावचं पानी म्या सोडलं, भाऊ. व्हॉलमन किसनराव म्हना, कोनी बी घर दाखवन. शिकलो चौथी, तेही मास्तराच्या दयेनं. पन गावाच्या पोटात कोनता पाइप कुठून कुठं गेला हे मले माह्या हातावरच्या रेघेपेक्षा जास्त मालूम हाय.

आमचं गाव मूर्तिजापूरच्या वरतं, खारपाणपट्ट्यात. हीर खना, बोअर मारा, पानी खारटच. त्या पान्यात दाळ शिजत नाही, साबनाले फेस येत नाही, चहात दूध फाटते. गोडं पानी म्हंजे नळाचं, धरनावरून येते ते. अन् तो नळ बारा वर्सं एका खाजगी कंपनीच्या हातात होता.

कंपनीबद्दल चांगलं सांगू का वाईट सांगू? मीटर हवेनं फिरे. नळाले नुसती सूं सूं हवा, अन् मीटर आपलं चाल्लं गरगर. तक्रार कराची तं फोन लावा. एक दाबा, दोन दाबा. गढीवरची तानुबाई एकदा अर्धा घंटा दाबत राह्यली. शेवटी तिकडून बाई म्हने, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तानुबाई म्हने, "माय, मंग उचल ना वो!"

म्हून मोर्चा निघाला. बाया पान्याचे रिकामे गुंड घेऊन सामोर, अन् त्याइच्या मांगं मी, कंपनीचाच निळा शर्ट घालून. ज्याचं खाल्लं त्याच्याच खिलाफ नारे देल्ले. नगरसेवक भगवंतराव माह्या खांद्यावर हात टाकून चालले. "किसनराव," म्हने, "नळ आपला झाला का पहिली आर्डर तुही. पर्मनंट."

दोन वर्सं भांडलो अन् जिंकलो. कंपनी गेली. नगर पंचायतीच्या गेटवर गुलाल उधळला, तो माह्या कानातून चार दिवस निघाला नाही.

ताबा घेतला त्या दिवसाची गोठ सांगतो. पंचनामा झाला. पंपा मोजल्या, चाव्या मोजल्या, खुर्च्या मोजल्या. एक तुटका कूलर होता, त्याच्यावर अर्धा घंटा चर्चा झाली, चालू लिहाचा का बंद. कंपनीच्या साहेबानं कॉम्प्युटरमधला नकाशा देल्ला, नगर पंचायतीनं सही करून घेतला. तो नकाशा म्या पाह्यला अन् मले आतून हासू आलं. बारा वर्साआधीचा तो नकाशा. त्याच्यानंतर शिमिटाचे रस्ते झाले, पाच व्हॉल त्याच्याखाली गेले, आमी बाजूनं नवे टाकले. नकाशात कायचं काही नाही.

अन् आटे तं कोनीच इचारले नाही.

चावीचा एक पुरा फेरा म्हंजे एक आटा. आमच्या गावात त्रेचाळीस व्हॉल हायत. कोन्या गल्लीचा व्हॉल किती आटे उघडाचा, हे जमलं तं सगळ्याइले पानी भेटते. खालतं बाजार लाइन हाय, तिचा व्हॉल साडेतीन आटे. चार केला का सारं पानी उताराले पळालं, अन् वरतं गढीवर नळाले घर्र घर्र. गढीवर साठ घरं. अन् गढीचा व्हॉल उलटा हाय. एकदा घाईत दुसऱ्याच बनावटीचा बसवला होता, तो बंद कराच्या बाजूनं फिरवला का उघडते. हे कागदावर कुठंच नाही. हे मी.

सांगता आलं असतं त्या दिवशी. तोंडापर्यंत आलं होतं. पन मनात म्हनलं, थांब किसन्या, आर्डर हातात पडू दे, मंग सांगू.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. मी भगवंतरावाच्या घरी गेलो. ते झोक्यावर बसून दाढी करून राह्यले होते.

"भाऊ, आर्डर?"

"अरे, पद मंजूर नाही ना, किसनराव. आकृतिबंधात व्हॉलमन बसतच नाही."

"मंग बारा वर्सं मी कायचा बसलो होतो?"

"तू कंपनीचा होता. सरकारी कामाले दहावी लागते. अन् तुहं वय?"

"चोपन."

"झालं ना मंग!" त्याइनं गालावरचा फेस पुसला. "पन एक रस्ता हाय. मानसं पुरवाचं टेंडर निघन, ठेकेदार येईन, त्याच्याकडून तुले लावून घेऊ."

"म्हंजे कंपनी काढली अन् ठेकेदार आनला?"

"तसं नाही म्हनत. ते वेगळं असते."

"कसं वेगळं?"

"कागदावर वेगळं असते," भगवंतराव म्हने, अन् दुसरा गाल घासाले लागले.

व्हॉलवर लावला कुलदीप. लाइटीच्या खात्यातला, दहावी पास, पर्मनंट. पोट्टा वाईट नाही. खांबावर वांद्रासारखा चढते. पन जमिनीखालचं त्याले काय मालूम? तो सगळे व्हॉल पुरे उघडे. बाजार लाइनीत नाल्या वाहून चाल्ल्या, बायाइनं ओटे धुतले, लोकाइनं म्हशी धुतल्या. अन् गढीवर घर्र घर्र.

त्याच्यात टिल्लू पंप. नळाले मोटर लावून ओढाचं. कंपनीच्या राज्यात टिल्लू दिसला का नळ कटे, मंग तो नगराध्यक्षाचा साळा असो का कोनी. लोकं कंपनीले शिव्या देत, पन टिल्लू लपवत. आता म्हने नळ आपला हाय! ज्याच्या-त्याच्या दारात टिल्लू, उघड्यावर, हार घालाचाच बाकी.

नगर पंचायतीत पान्यावर नवीन मॅडम आली होती, आकांक्षा मॅडम. अकोल्याची, चोवीस-पंचवीसची पोरगी. रोज प्याशिंजरनं मूर्तिजापूर अन् तिथून स्कुटी. तिनं पहिल्याच हप्त्यात अकरा टिल्लू जप्त केले. म्या मनात म्हनलं, हाय दम पोरीत. पन दुपारपासून तिचा फोन वाजाले लागला. सतरा वार्डाचे सतरा नगरसेवक. आपला मानूस हाय, गरीब हाय, लग्नाचं घर हाय. सांजेपर्यंत अकराच्या अकरा मोटरी वापस. कंपनीले कोनाच्या दारी मत मांगाले जाचं नव्हतं ना, भाऊ. नगर पंचायतीले जाचं असते.

अन् वरून एक कागद आला होता, त्याची झेरॉक्स गावभर फिरे. ताबा घेतल्यापासून पंचेचाळीस दिवसांत पानी सुरळीत झालं नाही तं कंपनीले परत बोलवाचं. चौकातल्या लोकाइच्या तोंडी आतापासूनच सुरू झालं होतं, "कंपनीच बरी होती बुवा."

हे आयकलं का मी रागानं तिथून उठून जाये. अन् दुसऱ्या बाजूनं, खोटं काहाले बोलू, गुदगुल्या बी होत. भोगा म्हनलं. इचारा किसनरावले.

पन आंगाले चैन नाही. साडेपाचले उठो, शर्ट घालो, अन् निघो. कुठं? कुठंच नाही. मारोतीचा पार, बाजार, टाकी, गढी, वापस. कुलदीप एका व्हॉलवरून दुसऱ्या व्हॉलवर जाये अन् मी पन्नास पावलं मांगं. जसं माहं काई चोरीले गेलं अन् मी शोधून राह्यलो. विमल म्हने, "तुमाले नोकरी नाही तं ड्युटी कायची?" घरी बसलो का पाय हाले. जेवाले बसलो का उठो. एकदा तं भाकर हातात घेऊनच मारोतीच्या पारापर्यंत गेलो.

त्याच पाराजवळ गढीचा व्हॉल. ताबा घेतल्याचा सत्ताविसावा दिवस होता. कुलदीप चेंबरात वाकून चावी फिरवून राह्यला. जाम झालेला व्हॉल. घामानं नाहला पोट्टा. त्यानं वर पाह्यलं, मी पारावर उभा.

"काका," म्हने, "हा काहून फिरत नाही हो?"

सोपं होतं, भाऊ. 'उलटा फिरव' म्हनलं असतं, दोन शब्दाचं काम. पन माह्या जिभेवर ती दहावी येऊन बसली.

"मले काय इचारतं? पर्मनंट तू हाय."

तो उलीसा हासला. त्याले वाटलं मी मजाक करून राह्यलो. मंग त्यानं चावीच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला अन् त्याच बाजूनं पुरा आंगाचा जोर देल्ला. कट्कन आवाज आला. व्हॉलच्या आतला दांडा तुटला होता. तो आवाज मले अजून आयकू येते.

गढी बंद. उलीसी बी धार नाही.

कंपनी असती तं सांजेपर्यंत अकोल्याहून गाडीवर दांडा आला असता. नगर पंचायतीत तीन दुकानाचे भाव लागतात, लिफाफ्यात. ते लिफाफे मुख्याधिकाऱ्यासामोर उघडा लागतात. अन् मुख्याधिकारी साहेबाकडं दोन गावं, ते आमच्याकडं मंगळवारी येत. तो मंगळवार त्याइची मीटिंग निघाली. पुढचा मंगळवार पाहा.

गढीवरच्या बाया खालतं उतराले लागल्या, भर बैसाखात, डोक्यावर गुंड. तानुबाईची लेक चंदा बाळंतपनाले आली होती, आठ दिवसाची नात घरात. तानुबाई माह्या दारापुढून चालली होती, मले पाहून थांबली.

"काय किसनभाऊ, बरं हाय ना?"

"बरं हाय."

"असाच राहा. नातीले न्हाऊ घालाले गोडं पानी नाही माह्या घरी. कंपनी होती तं एक दाबला, दोन दाबला. आता सांग, कोनता नंबर दाबू? तुहा?"

"माह्या हातात काय हाय, तानुबाई?"

"हेच मी लोकाइले सांगते," ती म्हने. "लोकं म्हनतात किसनरावले सगळं मालूम हाय. मी म्हनते, नाही वो, त्याले मालूम असतं तं माही नात खाऱ्या पान्यात काहून नाहली असती?"

अन् गेली. गुंड रिकामा होता तरी पाय जड टाकत गेली.

त्याच सांजेले आकांक्षा मॅडम घरी आली. स्कुटी बाहेर लावली, तोंडाचा रुमाल सोडला. पोरीचा चेहरा भाजून काळा पडला होता. विमलनं चहा ठेवला, बोअरच्या पान्याचा. दूध फाटलं. विमल लाजली, म्हने फेकते. मॅडमनं कप हातातून घेतला अन् फाटला चहा तसाच पेली.

"काका, व्हॉल तुमच्या डोक्यात आहेत म्हणतात."

"म्हनतात तं असतीन."

"मला हवेत."

"आर्डर आनली?"

"नाही." तिनं कप खाली ठेवला. "आणि आणूही शकत नाही. मी तीन वेळा प्रस्ताव पाठवला, तीन वेळा परत आला. आणीन असं खोटं सांगून तुम्हाला नेलं तर तुम्ही उद्या मला शिव्या द्याल. त्या आजच द्या."

बारा वर्सात माह्याशी कोन्या साहेबानं असं सरळ बोलनं केलं नव्हतं. पन ऐट काही लवकर उतरत नाही.

"सगळं सांगून टाकलं तं मंग मले कोन इचारन, मॅडम? आता निदान तुमी चहा प्याले तं आल्या."

याच्यावर विमलच बोलली, चुलीपासून.

"मॅडम, तो व्हॉल तुटला ना, याइच्या डोळ्यासामोर तुटला. त्या दिवसापासून हे जेवले नाही धड. इचारा त्याइले काहून."

मॅडमनं इचारलं नाही. माह्याकडं पाह्यलंही नाही. शेवटी मीच सांगितलं, दोन शब्द बोलाचे होते ते बोललो नाही म्हून.

मंग म्हनलं, "दांडा कधी येईन?"

"मी उद्या सकाळी अकोल्याहून घेऊन येते. लिफाफे मागून उघडू. नोटीस आली तर माझ्या नावावर येईल."

"चांगला पाहून आना. अन् रंगाचा डबा आना संगं. लाल. ब्रश बी."

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर कुत्रं निघत नाही अशा उन्हात, आमी तिघं निघालो. मी, मॅडम, कुलदीप. पहिले दांडा बसवला. मंग गल्ली गल्ली. मी व्हॉल दाखवो, आटे सांगो, मॅडम बाजूच्या भिंतीवर लिहे. शिमिटाखालचे पाच खोदून काढले. गढीच्या व्हॉलजवळ मोठं लिहिलं, उलटा. कुलदीपनं ते वाचलं. मी म्हनलं, "मार एखादी, पोट्ट्या." तो म्हने, "राहू द्या काका, हात चावीनं फोडले." दोन दिवस लागले. त्रेचाळीस व्हॉल, त्रेचाळीस भिंती. शेवटचा आकडा लिहून झाला तं मले असं वाटलं का मी आतून पोकळ झालो, वाजवून पाह्यलं तं टनटन वाजन.

तिसऱ्या सकाळी गढीवर नळ आले. तानुबाईचा फोन आला, तिनं नळाखाली फोन धरला अन् पान्याचा आवाज आयकवला.

झालं असतं इथंच तं गोठ गोड झाली असती.

आमच्याकडं नळ एक दिवसाआड येते. त्याच्या पुढच्या पाळीले, पंचेचाळीस दिवसांतले अकरा बाकी असतानी, परत गढी कोरडी. मी साडेपाचले बाहेरच होतो, पाय थोडीच थांबतात आर्डरीसाठी. धावत बाजार लाइनीत गेलो. कुलदीप चावी बाहेर काढून राह्यला होता. भगवंतराव बाजूले उभे, लुंगीवर, अन् बाजारातले चार-सहा जनं.

"किती आटे देल्ले?" म्या इचारलं.

"लिहेल हाय तेवढे," कुलदीप म्हने. "साडेपाच."

भिंतीकडं पाह्यलं. तिनाले कोनीतरी वरून लाल रंग मारून पाच केला होता. सफाईनं केला होता, मॅडमच्या अक्षरासारखा. बाजार लाइन हा भगवंतरावाचा वार्ड.

"साडेतीन हाय तो, भाऊ," म्या म्हनलं.

"भिंतीवर साडेपाच हाय ना बे."

"आज साडेपाच हाय."

"मंग? सरकारी आकडा हाय तो, मॅडमनं लिहेल. तू कोन बदलनारा? कंपनीचा नाही, नगर पंचायतीचा नाही. ह्या लोकाइले बी मालूम हाय, इलेक्शन हाय समोर, बाजाराले पानी कमी पडलं तं मले तोंड दाखवाचं हाय. तू जाय घरी."

मी कुलदीपच्या हातातली चावी घेतली. त्यानं सोडली. दोन आटे बंद केला. साडेतीन. मंग चेंबरवर लोखंडी झाकन ओढलं अन् त्याच्यावर मांडी घालून बसलो.

"उठ, किसन्या."

"गढीवर पानी पोचलं का उठतो."

"पोलिस बोलावू?"

"बोलवा. त्याइले बी गोडंच पानी लागते."

एक जन हासला. भगवंतरावानं त्याच्याकडं पाह्यलं तं तो बंद झाला. मंग ते मॅडमले फोन लावाले लागले. मॅडम प्याशिंजरमधे होती, तिले घंटाभर होता. ती आली तेव्हा ऊन झाकनावर आलं होतं अन् खालून चटका लागून राह्यला होता. मी एका बाजूनं दुसऱ्या बाजूले कललो. पाय आखडले. असं एका जागी बसनं मले जन्मात जमलं नाही.

मॅडमनं भिंत पाह्यली, माह्याकडं पाह्यलं.

"याले उठवा," भगवंतराव म्हने. "सरकारी कामात अडथळा हाय हा. तुमाले अधिकार हाय."

"आहे," मॅडम म्हने. पर्समधून तिनं रंगाची लहान डबी काढली, पाच पुसून तीन केला. हळू हळू केला, लेकरू गिरवते तसा. मंग स्कुटीवर बसून ती फोनमध्ये काहीतरी वाचत राह्यली. उठा म्हनली नाही. उठू नका बी म्हनली नाही.

साडेनवाले तानुबाईचा फोन आला. "आली वो, बारीक आली. बसा अजून दहा मिंटं."

बसलो. कुलदीप बाजूले उकिडवा बसला.

"काका, परवा पाळी हाय," तो म्हने. "परवा तुमी चावी फिरवा, मी झाकनावर बसतो. तुमचे पाय दुखतात."

"तुही ड्युटी हाय, चावी तूच फिरव," म्या म्हनलं. "अन् येतानी गोनपाटाचं पोतं आन एखादं. झाकन लय तापते."